बुमथांगमधला तिसरा दिवस

पुढं दरड कोसळली होती, म्हणून त्राशिगांगची बस बुमथांगमध्येच थांबली. थिंफूहून बदलीवर निघालेली नर्स चिमी भुकेनं कासावीस होऊन पहिल्या दिसलेल्या खाणावळीत शिरली.

खाणावळवाला कुएनले वैतागलेला होता. कुट्टूच्या शेवया पाडायचा त्याचा लाकडी सोऱ्या पलंगाएवढा. दांड्यावर माणूस बसल्याशिवाय शेवया उतरत नाहीत, आणि रोज बसणारा भाऊ गावाला गेलेला. त्यानं चिमीकडे पाहिलं... आणि पटकन मान खाली घातली.

"बोला की! माझं वजन बघताय ना?"

"नाही हो — म्हणजे... हो."

वजनावरून तिला आजवर सगळ्यांनी चिडवलं होतं. ते कामाला मात्र पहिल्यांदाच येत होतं. ती ऐटीत दांड्यावर बसली. खाली करड्या शेवयांची धार सुटली आणि ती ओंजळीत झेलताना कुएनले हसत सुटला.

गरम मोहरीचं तेल, तिरफळ, कांद्याची पात, वर अंडं. पहिल्याच घासाला जीभ झिणझिणली.

"कसं झालंय?"

"अजून वाढा, मग सांगते."

दुसऱ्या दिवशी ती न बोलावताच दांड्यावर जाऊन बसली. तिसऱ्या सकाळी लोण्याचा चहा पिताना तिला कळून चुकलं — रस्ता उघडूच नये असं आपल्याला वाटतंय. कुएनले मात्र गाईंबद्दल बोलायचा, लोण्याबद्दल बोलायचा... बाकी काही नाही.

तेवढ्यात ड्रायव्हर डोकावला. "चला सिस्टर! रस्ता कालच दुपारी मोकळा झालाय. यानं मला धिरड्यांवर धिरडी चारली, म्हणून गप्प बसलो."

चिमीनं वाटी खाली ठेवली. "खरं?"

"खरं," कुएनले म्हणाला.

"तिकडं पेशंट खोळंबलेत माझे!"

"चुकलंच माझं. पण... जाताना तुम्हाला काय सांगायचं, ते काल सुचत नव्हतं."

"आज सुचलं?"

"नाही." त्याचे कान लाल झाले. "तुम्ही मला आवडता. एवढंच आहे."

बाहेर हॉर्न वाजला. तिनं बॅग उचलली, दारापर्यंत गेली, थांबली.

"त्राशिगांगला मक्याचा भात करतात म्हणे. खाल्लायस कधी?"

"तिकडं कधी गेलोच नाही."

"मग रविवारी ये. मी वाढते."

"रविवारी? तो तर परवाच!"

"लांबचा रस्ता आहे," बसकडे वळत ती म्हणाली. "उद्याच निघ."