शेजारच्या गच्चीवरची मोहरी

ती टाकी आधी मी पाहिली होती. हे मी आजही कोणापुढेही सांगेन.

कांचघरला नथ्थू भैयाच्या भंगाराच्या दुकानात, मोडक्या सायकली आणि पंख्यांच्या पात्यांमागे ती पडली होती. जुन्या कूलरची खालची पत्र्याची टाकी, एका कोपऱ्यात जरा गंजलेली, पण चांगली ऐसपैस. मी सलोनीचं बोट धरून तिच्यापर्यंत पोचते न पोचते, तोच एका लांब हाताने टाकी उचलली, उलटी केली आणि बुडावर टकटक वाजवून पाहिलं.

"भैया, ये पहले मैंने देखी थी," मी म्हटलं.

"देखी होगी जी," तो माणूस म्हणाला. "उठाई तो मैंने."

वर हसत होता! मी सलोनीकडे वळून मराठीत अगदी हळू पुटपुटले, "बघ कसा आहे... उंटासारखा हात, आणि लाज म्हणून नाही."

"हात आईकडून आलाय," तोही तितक्याच हळू म्हणाला. "लाज बाबांकडून यायची होती, ती राहून गेली."

जबलपूरच्या बाजारात एखाद्याला मराठीत नावं ठेवावीत आणि तो नेमका मराठी निघावा... माझे कान तापले. सलोनी मात्र खदखदून हसली. पाच वर्षांची माझी पोर अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नसे. मला ते हसू तेव्हाच जरा खुपलं.

"काय लावणार हिच्यात?" त्याने विचारलं.

"पालक."

"पालकाला थर्मोकोलचा डबा पुरतो. ही खोल आहे, हिच्यात वाल लावा. जाळीवर चढवा." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "चलो, टाकी तुमची. पण स्कूटीवर नेणार कशी? पुढे पोरगी, मागे टाकी... की मागे पोरगी अन् टाकीत तुम्ही?"

असा अनुपम आमच्या आयुष्यात ई-रिक्षात मांडीवर टाकी घेऊन आला. मूळचा जबलपूरजवळच्या पाटणचा, घरी मटारची शेती. इथे बियाणं तपासायच्या लॅबमध्ये नोकरी. "दिवसभर दुसऱ्यांचं बियाणं उगवतं की नाही ते बघतो," तो म्हणाला. "स्वतःचं काही लावायला जागाच नाही. खोलीला खिडकी आहे, तीसुद्धा दुसऱ्याच्या भिंतीकडे."

विजय नगरला आम्ही बेबीताईंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. गच्ची माझ्या ताब्यात. भाजीची बाग हे माझ्या काळजीचं पोर. सलोनीच्या अंगावर दोनदा पित्त उठलं होतं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. पण मी फोनवर फवारणीबद्दल इतकं वाचलं, की बाजारची भाजी मिठाच्या पाण्यात तीन तीनदा धुऊनही मला झोप लागेना. म्हणून तेलाचे पाच लिटरचे डबे कापले, रंगाच्या बादल्यांना खाली भोकं पाडली, दुधाच्या पिशव्यांत रोपं केली. उगवायचं सगळं. जगायचं त्यातलं निम्मं.

अनुपम रविवारी येऊ लागला. खिळा आणि दगड घेऊन टाकीला भोकं पाडली, तळाशी विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या घातल्या. वाल पेरला, आणि तो वर आल्यावर माझ्या जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्या फाडून वेल जाळीला बांधला, तेही असं सैल, की मला वाटलं, सुटेल.

"घट्ट बांधा की."

"घट्ट बांधलं की खोडाला काचतं," तो म्हणाला. "तुम्ही काय सगळंच घट्ट बांधता का?"

तो ओढणीची गाठ मारत होता, आणि मी त्याच्या बोटांकडे बघत होते... उगाच.

एक सांगायला हवं. सलोनीचे बाबा, यशोधन, वेगळे झाले तेव्हा म्हणाले होते, दर रविवारी येईन. चार रविवार आले. पुढे कधी दौरा, कधी ताप, मग नुसता फोन, मग तोही नाही. सलोनी मात्र रविवारी सकाळी फाटकाच्या सळ्या धरून उभी राहायची. सहा महिने. एका रविवारी ती आपणहून उभी राहिली नाही, आणि त्या दिवशी न्हाणीघराचा नळ सोडून मी रडले.

आता ती पुन्हा फाटकाशी उभी राहू लागली होती. "मटर अंकल आले का?"

मटर अंकल! त्याच्या हातून ती कच्चे मटार खायची, पालकाचं पान खायची. माझ्या हातचा पालक बघून ओकारी काढणारी पोर! तो शेंग सोलायचा, ती चिमणीसारखं तोंड उघडायची. आणि मी ताकाची बाटली घेऊन, आंबट ताक पाण्यात मिसळून पानांवर फवारत, दातओठ खात बघायची.

"काहून वं विनता," बेबीताई एकदा जिन्यातूनच म्हणाल्या, "तो पोरीला खाऊ घालून राहिला, अन् तुझं तोंड कडू काहून होऊन राहिलं?"

"माझं कुठे काय?"

"अच्छा," बेबीताई म्हणाल्या. त्यांचं 'अच्छा' म्हणजे अर्ध्या तासाचं भाषण असतं.

मला तेव्हा वाटायचं, हा माणूस माझी पोर पळवतोय. मला त्याचा हेवा वाटतोय. एवढंच. दुसरं काही नाही.

मग प्रणोती आली.

म्हणजे ती होतीच. शेजारच्या घरात, आमच्या गच्चीला लागून तिची गच्ची, मध्ये कमरेएवढा कठडा. सत्तावीस वर्षांची, ओले केस उन्हात सोडून बसणारी, अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलणारी, हसली की चार घरांना ऐकू जाणारी. तिने सिमेंटच्या पोत्यांत मोहरी पेरली होती आणि मग ढुंकून पाहिलं नव्हतं. माजली होती नुसती. एका रविवारी तिने कठड्यावर कोपर टेकून विचारलं, "अनुपम जी, सिर्फ दीदी के पौधों के डॉक्टर हो क्या? कभी हमारी तरफ भी देख लो."

आणि तो म्हणाला, "देखूंगा."

कठड्यावरून टांग टाकून गेलासुद्धा! मी कपडे वाळत घालत होते. एक चादर मी तीनदा झटकली. चादरीच्या कडेने दिसलं, दोघं मोहरीवर वाकलेले. तिने काही म्हटलं. त्याने मान डोलावली. तिचे केस त्याच्या बाहीला लागले... लागले म्हणजे लागलेच, मी पाहिलं. परत आला तेव्हा त्याच्या शर्टाला मोहरीची पिवळी फुलं चिकटली होती.

"छान आहे मोहरी," तो म्हणाला.

"असणारच. केसही छान आहेत."

"कोणाचे?"

"मोहरीचे," मी म्हटलं आणि खाली निघून गेले.

जानेवारीत वालाच्या वेलावर जांभळी फुलं लागली, आणि पाठोपाठ मावा. कोवळ्या शेंड्यांवर काळे, बारीक, चिकट किडे, जणू कोणी काजळ फासलं. ताक झालं, निंबोळीचा अर्क झाला. मावा दोन दिवस कमी व्हायचा, परत यायचा. "माझ्यावर सोडा," अनुपम म्हणाला. "पुढच्या रविवारी एक गोष्ट करू."

तो रविवार. धुकं दहा वाजेपर्यंत हटलं नाही. सलोनी फाटकाशी उभी. साडेदहा. अकरा. फोन केला, उचलला नाही. सलोनीचं नाक लाल झालं, बोटं सळ्यांवर गार. "मम्मा, मटर अंकल पण नाही येणार का आता?"

तो 'पण' माझ्या काळजात रुतला.

टोपडं आणायला म्हणून गच्चीवर गेले, आणि... तो होता. प्रणोतीच्या गच्चीवर. मोहरीत गुडघे टेकून बसलेला, हातात रंगवायचा बारीक ब्रश, आणि ती शेजारी काड्यापेटी उघडी धरून. डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ. बाजूला भज्यांची बशी.

मी हाक मारली नाही. खाली आले, सलोनीला स्वेटर घातलं आणि तिला घेऊन संध्याकाळपर्यंत बागेत फिरवत राहिले. तिने दोन आइस्क्रीम मागितली, मी दोन्ही दिली. थंडीत! मी, मिठाच्या पाण्यात भाजी धुणारी बाई!

सोमवारी सकाळी वेलाला पाणी घालायला गेले आणि किंचाळले. मावा होताच, वर आणखी भलतंच काही. काळे, लांबुळके, सहा पायांचे, पाठीवर नारिंगी ठिपके, अगदी मगरीची पिल्लं. शेंड्याशेंड्यावर. माझ्या मनात एकच आलं... तिकडून आले. त्या माजलेल्या मोहरीतून, त्याच्या शर्टाला चिकटून. साबणाचं पाणी केलं, जुना टूथब्रश घेतला, आणि एकेक खरवडून डब्यात बुडवला. इतक्या रागाने मी कधी भांडीसुद्धा घासली नव्हती.

मग त्याला लिहिलं: "यापुढे येऊ नका. सलोनीला मी सांगेन."

त्याचं उत्तर आलं: "काय झालं?" मी फोन पालथा घातला.

मंगळवारी प्रणोती कठड्याशी दिसली. मला राहवलं नाही. "तुझ्या मोहरीतले किडे माझ्या वेलावर आलेत. जरा बघत जा ना."

"आले?" तिचा चेहरा उजळला. "जगले ना दीदी? एका काड्यापेटीत मावत नव्हते, दोन लागल्या."

"कसल्या... काय मावत नव्हतं?"

"अरे, पिल्लं! ते लाल पाठीवर काळे ठिपकेवाले नसतात का, ढालकिडे? त्यांची पिल्लं. दिवसभर मावाच खातात म्हणे. माझ्याकडे मोहरी माजली म्हणून खूप झाले. तीन रविवार झाले, किती मोठे झाले ते बघून जायचा. परवा सकाळपासून ब्रशने उचलत होता, एक पाय मोडू नये म्हणून. मी म्हटलं फोन वाजतोय, तर म्हणे, हात मोकळा नाही. दुपारी तुमच्या वेलावर सोडून आला, तेव्हा तुम्ही नव्हतात."

"सलोनी थंडीत फाटकाशी उभी होती, त्याची वाट बघत," मी पुटपुटले. कोपऱ्यात साबणाच्या पाण्याचा डबा तसाच होता.

प्रणोतीने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोरगी हुशार. "ओह... दीदी." मग केस मागे टाकून म्हणाली, "खरं सांगू? मी ट्राय केला होता. चहा केला, भजी केली. तो माणूस भजी खातो आणि तुमच्या वेलाकडे बघतो. अशा माणसाला भजी कोण तळणार?"

मी त्याला फोन लावला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं, आणि त्याने उचलल्यावर आठवेनाही. "मी मारले," एवढंच म्हटलं. "सगळे. साबणाच्या पाण्यात." पलीकडून "अच्छा," आणि फोन बंद.

बुधवारी संध्याकाळी सलोनी ओरडत आली, "मम्मा, मटर अंकल! पण आज तर संडे नाही!"

तो गच्चीवर उभा होता, ऑफिसच्या कपड्यांत, पाठीला डब्याची पिशवी.

"चौतीस होते," तो म्हणाला.

"मोजले होते?"

"मोजले होते."

"मला वाटलं..." मी वेलाचं एक पान धरलं, सोडलं. "मला प्रणोतीचा हेवा वाटला. त्याआधी तुमचा. सलोनी तुमच्या हातचं खाते म्हणून. मग सलोनीचा... तुम्ही तिला शेंगा सोलून देता म्हणून. बघा, झालं सगळं सांगून."

"तुम्हाला पण सोलून दिल्या असत्या," तो म्हणाला. "मागितल्या कुठे?"

"हसू नका. अनुपम, ती फाटकाशी उभी राहते. एकदा तिचं वाट पाहणं संपलेलं आहे. परत संपायला नको. मला काही झालं तर मी बघून घेईन, पण ती..."

तो हसायचा थांबला.

"म्हणून आज बुधवारी आलो," तो म्हणाला. "रविवारी मला उशीर झाला, फोन वाजत होता तोही उचलला नाही, आणि पोरगी थंडीत उभी होती, हे प्रणोतीने काल सांगितलं. रात्रभर तेच डोळ्यांसमोर. विनता, दर रविवारी येईन असं मी म्हणणार नाही. ते तुम्ही ऐकलेलं आहे. मला अधेमधे यायचंय. मंगळवारी भाजी निवडायला, शुक्रवारी नुसतं भांडायला. तिला वाट बघायला दिवसच सापडू नये, इतक्यांदा. आणि मग... एक दिवस इथून जायचंच नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा. घाई नाही."

खाली बेबीताईंच्या कुकरची शिट्टी झाली. सलोनी टाकीच्या काठावर बसून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती, सामना बघावा तशी.

"शुक्रवारी भांडायला," मी म्हटलं, "जरा लवकर या. मला सहाला स्वयंपाक असतो."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहिणार नाही. ते माझं आहे.

"पण मावा तसाच आहे," तो घसा साफ करत म्हणाला. "मोहरीत अजून पिल्लं असतील. मी चटकन जाऊन घेऊन..."

"थांबा," मी म्हटलं. "मी पण येते."

"तुम्ही कशाला? साडी अडकेल कठड्यावर."

"अडकू दे. मी पण येते."

त्याने आधी टांग टाकली आणि पलीकडून हात पुढे केला, तोच उंटासारखा लांब हात. मी धरला, कठडा ओलांडला. पलीकडे प्रणोती केस विंचरत बसली होती. माझे दोन्ही पाय जमिनीवर टेकले होते, आता हात सोडायला काहीच हरकत नव्हती.

तिने नीट बघेपर्यंत मी तो सोडला नाही.