अर्धा मिलिमीटर

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात, तो आमच्या लॅबमध्ये येतो, आणि पुढचं सगळं माझ्याकडे: प्लास्टरचा साचा, मेणाच्या हिरड्या, त्यात एकेक दात बसवणं, घासणं, चकाकी आणणं. एकतीस वर्षं झाली. रस्त्यात कोणी हसलं की मी आधी दात बघतो, मग माणूस. हे एवढ्यासाठीच सांगतो की, जे घडलं ते मिलिमीटरमध्ये मोजणारा माणूस सांगतोय, हे लक्षात असावं.

मला एक छंद होता. मी एक भाषा तयार केली होती. तिला नाव दिलं नव्हतं. मनातल्या मनात मी तिला ‘तिकडची’ म्हणायचो. आपल्या बोलण्यात काही गोष्टींना शब्दच नाहीत, याची मला लहानपणापासून चिडचिड व्हायची. दुपारभर तापलेली पायरी संध्याकाळी हाताला लागते, त्या उबेला काय म्हणायचं? तिकडच्या भाषेत त्याला ‘नथेल’ म्हणतात. म्हणजे मी म्हणायचो. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत, बावीस वर्षं, हेच चालू होतं. चौदा लांब वह्या झाल्या, शब्द तीन हजारांवर गेले. त्या वह्या लॅबमधल्या माझ्या लोखंडी कपाटात असत आणि किल्ली माझ्या खिशात.

भाषा म्हटली की बोलणारी माणसं आली, आणि माणसं म्हटली की गाव आलं. गावाचा नकाशा काढला. दोनशे चौदा घरं, कुठल्या घरात कोण राहतं त्याची यादी. सत्त्याऐंशी नंबरचं घर तेवढं रिकामं ठेवलं होतं. तिसऱ्या गल्लीच्या टोकाला, निळ्या दाराचं, बाहेरून दगडी जिना. ते माझं. तिथे राहायला कधी जाणार होतो ते मात्र विचारू नका.

भाषेत फ, व आणि स ठासून भरले होते, ती धंद्याची सवय. नवी कवळी बसवली की डॉक्टर पेशंटला एकसष्ट ते सत्तर आकडे म्हणायला लावतात; ‘स’ला शिट्टी वाजली की दात चुकले. फ आणि व म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला जेमतेम टेकली पाहिजे. ती कड अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली की माणूस बोबडा बोलतो.

या भाषेबद्दल मी जन्मात एकाच माणसाला सांगितलं. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि माझे पहिले चाळीस शब्द तयार झाले होते. आई शर्टाला बटण लावत होती. मी सगळे शब्द म्हणून दाखवले. तिने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, “आधी आहे ती नीट बोल.” त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने एक वेडीवाकडी गाय काढली. निदान गाय आहे असं तो म्हणाला. ती आईने कपाटाच्या दारावर चिकटवली. चिकटपट्टी दोनदा बदलली, पण गाय अजून तिथेच आहे.

धाकटा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला. आई माझ्याकडे असते; तिची औषधं, डायपर, डॉक्टर, सगळं मी बघतो. तो रविवारी अकराला येतो, दीड तास बसतो, आणि आईचा चेहरा पुढे बुधवारपर्यंत उजळलेला असतो. मला त्याचा हेवा वाटायचा. बावन्नाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते, पण वाटायचा.

मागच्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. चेहरा एका बाजूला उतरल्यामुळे जुनी कवळी बसेना, म्हणून मी नवी केली. आईचीच कवळी, तेव्हा वेळ घेतला. मेणात दात बसवताना फ-व-सची जागा ठरवायला मी स्वतःच्या तोंडाने तिकडचे शब्द म्हणत होतो. लॅबमध्ये मी एकटाच होतो.

कवळी घातल्यावर चौथ्या दिवशी, रविवारी, धाकटा तिच्या पलंगाशी बसला होता. मी स्वयंपाकघरात पातेलं घासत होतो. आई बोलली.

“नथेल,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “नथेल विसे.”

म्हणजे पायरी अजून ऊबदार आहे.

मी साबणाच्या हातानेच दारात आलो. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “दादा, बोलली बघ,” तो म्हणाला. “काय म्हणाली कोण जाणे, पण बोलली.”

दुसऱ्या दिवशी वाचा शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “असं होतं,” त्या म्हणाल्या. “चाल बोलण्याची असते, पण त्याला अर्थ नसतो. तुम्ही अर्थ लावत बसू नका, त्रास होईल.” मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

मी शांत डोक्याने विचार केला. वह्या आईने वाचल्या नव्हत्या. ती लॅबमध्ये कधी आली नाही आणि मोतीबिंदूनंतर तिने कॅलेंडरसुद्धा वाचलं नाही. मी झोपेत बडबडत असेन तर ती ऐकू शकेल, पण तिचा उच्चार माझ्यापेक्षा सफाईदार होता, तो कसा? एक सांगतो, मला भीती वाटली नाही. मला वाटलं, चला, बेचाळीस वर्षांनी का होईना, ऐकलं तिने.

सोमवारी कामावर जाण्याआधी मी तिच्याजवळ बसलो. दार लोटून घेतलं आणि तिकडच्या भाषेत विचारलं, “झोप लागली का?” जीभ जड झाली होती. ही भाषा मी कधी कोणाशी बोललोच नव्हतो.

आईने माझ्याकडे पाहिलं. परगावचा माणूस मोडकंतोडकं बोलला की आपण जसं सभ्यपणे हसतो, तसं हसली. मग खिडकीकडे तोंड केलं. मी पुन्हा विचारलं, सावकाश. ती काही बोलली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, शनिवारपर्यंत एक अक्षर नाही.

रविवारी अकराला धाकटा आला आणि आईचा नळ सुटला. ती बोलत होती ते गाव माझं होतं. पहिल्या गल्लीतल्या विहिरीवरची गर्दी, बारा नंबरच्या सुताराचा खोकला, तेहतीस नंबरच्या दोन बहिणींचा अबोला, सगळं माझ्या यादीतलं. धाकटा मान डोलवत होता. आणि आईने सुताराची नक्कल केल्यावर तो हसला. बरोबर जिथे हसायला हवं तिथे.

“काय कळलं रे तुला?” मी विचारलं.

“काही नाही. पण छान वाटतं ना ऐकायला. ती खूश आहे, मग झालं.”

तीन हजार शब्द मी एकेक करून घडवले, आणि त्यातला एकही न कळणाऱ्या या गृहस्थाला सगळी भाषा फुकटात ऐकायला मिळत होती. मी दारात उभा राहून चोरून ऐकायचो. आई मध्येच माझ्याकडे बघून बोलणं थांबवायची. घरात पाहुणा आला की थांबतो तसं.

मग तिच्या बोलण्यात मला माहीत नसलेले शब्द येऊ लागले. पेल्यातल्या पाण्यातून भिंतीवर जो उजेड हलतो त्याला तिने ‘सफान’ म्हटलं. मी इतकी वर्षं त्यालाच शब्द शोधत होतो, आणि याहून बरा सापडला नसता. मी पंधरावी वही काढली आणि दाराआड उभा राहून तिचे शब्द टिपून घेऊ लागलो. पाच रविवारांत दोनशे दहा झाले. त्यातला एकही माझा नव्हता.

सहाव्या रविवारी निघताना धाकटा उंबऱ्यात वळला आणि आईला म्हणाला, “सोल्वे.”

तिकडे निरोप घेताना म्हणतात तसं.

“हे कुठून शिकलास?”

“आई म्हणते की दर वेळी,” तो चप्पल घालत म्हणाला. “दादा, तुला चिडायला काय झालं?”

सातव्या रविवारी आईने त्याचा हात डाव्या हातात घेतला. त्या दिवशीचं बोलणं मला शब्दन् शब्द कळलं. ती म्हणाली, तिसऱ्या गल्लीच्या टोकाचं घर झाडून ठेवलंय. निळं दार ढकललं की उघडतं. जिना ऊबदार आहे. तुला जागा केलीय, ये.

माझं घर ती त्याला देत होती.

“आणि दादा?” धाकट्याने विचारलं. तिकडच्या भाषेत. उच्चार स्वच्छ, माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आपण काय बोललो हे त्याचं त्यालाही समजलं नसावं.

आई विचारात पडली. कोण, असं तिने विचारलं.

सोमवारी मी आईची कवळी पॉलिश करायची म्हणून लॅबमध्ये नेली. मशीन लावलं. वरच्या पुढच्या सहा दातांची कड घासली. अर्धा मिलिमीटर. मोजून. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. जेवताना तिला त्रास झाला नसता. मी इतका नीच नाही. फ, व आणि स तेवढे जाणार होते.

ते गेले. पुढच्या रविवारी आईने तोंड उघडलं आणि नुसती फुसफुस आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. ओठ दातांना शोधत होता आणि दात सापडत नव्हते. मग तिने तोंड मिटलं आणि जिभेने पुढच्या दातांची कड चाचपली, एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा उजवीकडून डावीकडे. माझ्याकडे पाहिलं नाही. धाकटा दीड तास तिचा हात धरून गप्प बसला आणि निघून गेला.

तीन रविवार घरात आवाज नव्हता. पहिल्या रविवारी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? बरंच वाटलं. तिसऱ्या रविवारी ती जेवली नाही.

त्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, मी पहिली वही काढली. जुने शब्द चाळावेत, जिवाला जरा बरं वाटेल म्हणून. एक शब्द आठवेना. समोर लिहिलेला अर्थ वाचला, तरी दोन्हींचा संबंध लागेना. मंगळवारी अर्धं पान असं झालं. गुरुवारी मी नकाशा उलगडला आणि गल्ल्यांची नावं वाचता आली नाहीत.

अक्षर माझंच होतं. खाडाखोड माझी होती. चहाचा डागही माझाच.

शुक्रवारी मी आईची कवळी पुन्हा लॅबमध्ये आणली. घासलेले सहा दात काढले, नवे बसवले, कड पहिल्यासारखी केली. शनिवारी रात्रीपर्यंत काम संपलं. दोन दिवस आई नुसत्या पेजेवर होती. मी ठरवलं होतं, कवळी द्यायची, तिला बोलू द्यायचं, धाकट्याशी तर धाकट्याशी. मी दाराआडून ऐकेन. ऐकून परत शिकेन. मला तेवढंच हवं होतं.

रविवारी सव्वाअकराला मी डबी घेऊन आईच्या खोलीत गेलो. धाकटा पलंगाशी बसला होता. भिंतीवर पेल्यातल्या पाण्याचा उजेड हलत होता. त्याला एक शब्द होता, एवढं मला आठवलं.

आईने मान वळवली. सरळ माझ्याकडे. डावा हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं.

आणि ती बोलली. माझ्याशी. मी दहा वर्षांचा असल्यापासून ज्याची वाट पाहत होतो, ते. बराच वेळ बोलली, न थांबता, माझ्या चेहऱ्यावरून नजर न काढता. मध्ये एकदा तिचे डोळे भरून आले. मध्ये एकदा ती हसली.

मला त्यातला एकही शब्द कळला नाही.

ती थांबली. उत्तराची वाट पाहू लागली.

“दादा,” धाकटा हळू आवाजात म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. “तुझ्याशी बोलतेय. बोल ना काहीतरी.”

“काय म्हणतेय?”

त्याने तोंड उघडलं, विचार केला, मिटलं. “आपल्या भाषेत नाही सांगता यायचं रे,” तो म्हणाला.

आईने माझं मनगट सोडलं नाही. तिने तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश, तुकडे पाडून, लहान मुलाला सांगतात तसं. फ, व, स, एकेक अक्षर कोरल्यासारखं स्वच्छ येत होतं. कवळी माझ्या दुसऱ्या हातातल्या डबीत होती.