चिलटांच्या पोटातलं रक्त

शेळ्यांचं रक्त पिणाऱ्या चिलटांच्या एका जातीवर आमचं काम चालू होतं. तिच्या मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे फक्त आईकडून लेकरांना मिळणाऱ्या डीएनएचा पूर्ण क्रम लावायचा होता. जीव मोहरीएवढाही नाही, पण त्यानं दोन वर्षं आमच्या नाकी नऊ आणले होते. निमगाव केतकीला द्वारकाबाईंच्या गोठ्यात माझा सहायक अविराज सापळा लावून यायचा. बारामतीच्या प्रयोगशाळेत पुढचं मी बघायचे.

जानेवारीत पहिला अहवाल आला. चिलटाचा क्रम झकास लागला होता. त्याच्या पोटातल्या रक्ताचाही लागला होता: बरंचसं शेळीचं, थोडं माणसाचं. अशा वेळी आम्ही आधी स्वतःवर संशय घेतो, आपलाच डीएनए नमुन्यात मिसळला नाही ना. इथं काम करणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए त्यासाठीच नोंदवून ठेवलेला असतो. ते रक्त माझ्याशी जुळलं, डीएनएच्या हजारो अक्षरांतलं एक अक्षर सोडून.

“मॅडम, मास्क नीट लावत जा,” अविराज म्हणाला. मलाही हसू आलं.

दुसऱ्या खेपेला मी नमुन्यांजवळ फिरकलेच नाही, सगळं त्यानंच केलं. तरी पुन्हा मीच, आणि पुन्हा तेच एक अक्षर वेगळं.

त्या गोठ्यात मी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, मला ना भावंड ना मामा-मावशी. आईकडून आलेला हा डीएनए आता दोघींतच उरला होता, मी आणि माझी सहा वर्षांची संजीवनी. नमुन्यासाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवताना ती गुदगुल्या होतात म्हणून खिदळत होती.

ते अक्षर तिचं निघालं.

चिलट उडून उडून किती जाईल, फार तर दोन-चार किलोमीटर. निमगाव आमच्यापासून तीसच्या वर. आणि रक्त तर ताजं होतं. संजीवनी सापळे लावले त्या दिवसांत घर आणि शाळा सोडून कुठंही गेली नव्हती. मला भीती वाटली.

पण सवय जात नाही. जाग्यावर जाऊन खात्री करायची, एवढंच मला सुचलं. रविवारी दुपारी मी पोरीला घेऊन गोठ्यात गेले. का नेलं तिला, असं अजून स्वतःला विचारते.

“हिला कधी पाहिलंय का इथं?”

द्वारकाबाईंनी तिला नीट न्याहाळलं. “न्हाय बा. पयल्यांदाच बघतीया.”

शेळ्या एका बाजूला दाटीवाटीनं उभ्या होत्या. पलीकडचा कोपरा कोरडा, झाडलेला, रिकामा.

“तिकडं का बांधत नाही?”

“तितं बसतच न्हाईत. बांधलं तर दावं तोडत्यात. दिवाळीपासनं असंच हाय.”

वळून बघते तर संजीवनी त्याच कोपऱ्यात, आमच्याकडं पाठ करून उभी. तिसऱ्या हाकेला ती आली.



पुढच्या सापळ्यात माणसाचं रक्त नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की मी प्रयोगशाळेत पेढे वाटले.

त्याच संध्याकाळी द्वारकाबाईंचा फोन आला. “बाई, नवलच झालं. तुमी येऊन गेल्यापासनं शेळ्या त्या कोपऱ्यात बसाया लागल्या.”

मी ओट्यावर बसले होते, संजीवनी मांडीवर. दिवा लावला तशी चिलटं आली.

माझे हात चावून चावून लाल केले.

संजीवनीच्या उघड्या दंडापर्यंत मात्र ती यायची, आणि न टेकताच मागं फिरायची.