पांढऱ्या लोकरीची मूठ

आई गेल्याच्या वर्षाचं जेवण दोन दिवसांवर आलं, तेव्हा कुठे कालमुर्झाला घरातला गळका व्हॉल्व्ह दुरुस्त करायला सवड झाली. आत-बाशी गावात कुणाच्याही घरी पाणी ठिबकलं की त्यालाच बोलावणं यायचं. स्वतःच्या घराची पाळी मात्र सगळ्यांत शेवटी.

दुपारी त्याने बोळातलं पत्र्याचं कपाट उघडलं. आत पितळी नळावर पाच व्हॉल्व्ह होते, प्रत्येक खोलीचा एक. खोलीच्या जमिनीखालून गरम पाण्याची नळी फिरून इथे परत येई. आईला आकडे दिसायचे नाहीत, म्हणून तिने मुठींना रंगीत लोकर दुहेरी गाठीने बांधून ठेवली होती. लाल कालमुर्झाच्या खोलीची, पांढरी तिची स्वतःची.

"सगळ्या गावाच्या जमिनी तापवतोस," स्वयंपाकघरातून थोरल्या बहिणीचा, बुरुलसुनचा आवाज आला. "घराला मात्र वर्षभर मुहूर्त मिळाला नाही तुला."

"आज होतंय, एजे." थोरल्या बहिणीला तो एजेच म्हणे.

ती बिश्केकहून आली होती आणि आईच्याच खोलीत झोपणार होती. खोली गार राहिली तर ती खोदून विचारणार, आणि एकदा विचारायला लागली की ती ऐकत नसे.

गेल्या जानेवारीत हाच व्हॉल्व्ह गळायला लागला होता. त्याने मूठ घट्ट बंद केली, 'उद्या करतो, आई' म्हणाला आणि तिच्या अंगावर आणखी एक दुलई टाकली. तो उद्या एकवीस दिवस उजाडला नाही. आईने कधी कुरकूर केली नाही. फक्त विचारायची, "बाळा, झालं का रे तुझं काम?" बाविसाव्या दिवशी ती उठलीच नाही.

दोघे भाऊ याकुत्स्कहून येईपर्यंत तीन दिवस मयत घरात ठेवायचं होतं. मयताची खोली गार ठेवतात. "जा, तिच्या खोलीची गरमी बंद कर," एजे म्हणाली होती. तो या कपाटापाशी आला, आधीच बंद असलेल्या मुठीकडे बघत उभा राहिला आणि परत जाऊन म्हणाला, "केली." हे खोटं त्याने वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याने पंप थांबवला, दाब उतरवला, नट काढला. आतलं वॉशर चिरलेलं होतं. नवं घातलं, पान्याने आवळलं. दहा मिनिटांत काम संपलं. दहाच मिनिटं लागली, म्हणून त्याला स्वतःचीच शिसारी आली.

पाणी भरून त्याने पंप लावला आणि पांढरी मूठ उघडली. जमिनीखाली पाणी गुडगुडत आईच्या खोलीकडे गेलं.

मग तिच्या बंद दाराआड कुणीतरी खोकलं. जाड लोकरी नमद्याचे जोडे घासत दारापर्यंत आले आणि थांबले.

"एजे... तू आत आहेस?"

"मी बोरसोक तळतेय," आवाज स्वयंपाकघरातूनच आला.

दाराआडून कुणीतरी हलकेच विचारलं. "बाळा... झालं का रे तुझं काम?"

त्याने दाराला हात लावला. "झालं... झालं, आई."

त्याने दार ढकललं. खोली रिकामी होती. जमीन छान कोमट झाली होती. कोपऱ्यातल्या दुलयांच्या घडीत मात्र एक कमी होती, ती जाड, त्याने तेव्हा आईला पांघरलेली.

"कालमुर्झा," एजे हात पुसत त्याच्या खोलीतून बोळात आली. "तुझ्या खोलीतली जमीन बर्फ झालीय की. आणि बिछान्यावर आईची दुलई कशाला पसरलीस?"

तो कपाटाकडे धावला. लाल लोकर आता आईच्या व्हॉल्व्हवर होती. पांढरी त्याच्या खोलीच्या मुठीला होती, आईच्या दुहेरी गाठीने बांधलेली. मूठ शेवटापर्यंत बंद होती. त्याने पाना लावला, अंगातला सगळा जोर लावला. ती तसूभरही हलली नाही.

"एजे, गेल्या वर्षी मी तुला खोटं..."

"ते राहू दे आता," ती परत वळत म्हणाली. "भावांचा फोन होता. वादळामुळे विमान सुटत नाहीये. पोचायला या वेळीही तीन दिवस लागतील म्हणतात."