अंगठ्याची पितळी टोपी

“तुले कशी पोरगी आवडते?”

मैत्रिणींनी पैजच लावली होती! म्हणून साधनानं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, आपल्या विजेवरच्या शिंगाडे सोलायच्या मशीनशेजारी उभं राहून, बारावी ‘ब’च्या अतुलला विचारून टाकलं. मागे रिता आणि गुड्डी तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या.

अतुल मशीनकडेच पाहत राहिला. “जे बनवते, ते आधी विचारून बनवते... अशी.”

“म्हंजे?”

“माही आई तलावाच्या पाळीवर बसून शिंगाडे सोलते. तिथं लाइट कुठं हाय? तिले विचारलं होतं का तू?”

साधनाचे कान तापले. वेल्डिंगवाल्या बाबांनी दोन महिने खपून केलेली मशीन, जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी निवडलेली... आणि हा शहाणा!

तरी रविवारी ती पाळीवर गेलीच. अतुलच्या आईनं, पंचफुलाबाईनं, चिरलेला काळा अंगठा पुढे केला. “मशीन नको वो बाई. येवढं नख वाचव.”

मग दिवस कसे भुर्रकन उडाले! नखावर बसेल अशी, टोकाला धार असलेली पितळी टोपी साधना घडवू लागली... पहिली घसरली, दुसरी रुतली. अतुल वहीत एकेका बाईच्या अंगठ्याभोवती पेन फिरवून माप आणायचा.

“हे पान कोरं काहून?”

“तुह्या अंगठ्यासाठी ठेवलं,” अतुल वहीतच बघत म्हणाला.

साधनानं अंगठा ठेवला. पेन फिरलं... जरा जास्तच सावकाश.

सहावी टोपी बसली. पंचफुलाबाईनं पाटीभर शिंगाडे सोलले. “दुखूनच नाही राह्यलं!” म्हणत तिनं पांढराशुभ्र शिंगाडा साधनाच्या तोंडात घातला. साधनाचे डोळेच भरून आले.

परतताना ती थांबली. “तू टोकलं नसतं, तर मी नुसती बक्षीस घेऊन बसली असती. लय उपकार झाले... आन् तू मले आवडतो. लय.”

अतुल लाल होऊन सायकलची घंटीच वाजवत बसला. मग हळूच म्हणाला, “मलेही... कधीचीच.”

घरी बाबा मशीनला नवा रंग देत होते, आई डबा धरून उभी.

“आई, बाबा, जिल्ह्याले मी मशीन नेत नाही,” साधना एका दमात म्हणाली. बाबांचा ब्रश थांबला. “तुमी मशीन केली, म्हनून तर मले चूक दिसली, बाबा. मी टोपी नेते. बोर्डावर पहिलं नाव पंचफुला मावशीचं, मंग अतुलचं, मंग आपलं दोघांचं. उद्यापासून वीस टोप्या कापाच्या हायत... तुमच्याच हातानं!”