पांढऱ्या गाडीची ट्रायल

पटो वा न पटो, हे घडलंय. माझ्या मावसभावाच्या, गौरांगच्या बाबतीत. सत्त्याण्णवचा श्रावण, दुपारचे तीन, हरसूलकडचा घाट.

गौरांग नाशिकच्या एका साप्ताहिकात गाड्यांवर लिहायचा. दोन छोट्या गाड्या एकाच रस्त्यावर पळवायच्या आणि कुठली बरी ते सांगायचं. त्या दिवशी मात्र काम घरचं होतं. त्याची बहीण संपदा जुनी गाडी घेणार होती. एक लाल, एक पांढरी. दादा म्हणेल ती. मागे तिची दोन लेकरं बसणार होती.

"पाचला फोन कर, दादा. मी लगेच मालकाला हो कळवते."

रिकाम्या गाडीची परीक्षा गौरांगला मान्य नव्हती. "बायकापोरं घेऊन चढली तर खरी," म्हणायचा. म्हणून मागच्या सीटवर तांदळाची दोन पोती ठेवायचा. लोक हसायचे.

लाल गाडी सकाळी झाली. आवाज फार, स्टिअरिंग जड. पांढरी मात्र गुणाची. भरल्या पोत्यांनिशी चढली तरी दम लागला नाही. गडी खूश!

मग धुकं उतरलं...

आणि मागची सीट करकरली.

वळण उजवं होतं. पोती डावीकडे सरकायला हवीत. त्यानं आरशात पाहिलं. दोन्ही पोती उजव्या दाराला चिकटलेली. डावी जागा रिकामी.

पण तिथली गादी दबलेली होती...

गाडी बंद पडली.

त्यानं दार ढकललं. उघडेना. काच फिरवली. खाली येईना. पलीकडचं दारही तसंच. खांद्यानं धडका दिल्या. बाहेर ना माणूस, ना बैलगाडी. आत हवा कोंदली. आता आपण यातून बाहेर पडत नाही, या विचारानं त्याला रडूच फुटलं.

मागची डावी काच आतून धुरकटली... निवळली... पुन्हा धुरकटली.

कुणीतरी श्वास घेत होतं.

"घाट सरला का रं, दादा?"

बाईचा आवाज. दमलेला.

तो चक्क खोटं बोलला. "सरला, बाई. उतरा."

खट्... त्याचं दार उघडलं. तो चिखलात पडला.

मागचं दार मात्र बंदच राहिलं.

कुणीच उतरलं नाही.

एका जीपनं तो नाशिकला आला. गाडी मालकानं, निवृत्तीनं, जाऊन आणली. पहिल्या चावीला सुरू झाली म्हणे. संपदाला गौरांग एवढंच म्हणाला, "लाल घे." निवृत्तीला काय सांगणार? लोक वेड्यात काढतील. त्यानं गाडीत काहीच खोट काढली नाही.

दोन वर्षांनी घोटीच्या बाजारात तीच पांढरी गाडी उभी दिसली. मागे तीन पोरं, एकाच दाराशी दाटीवाटीनं बसलेली.

"सरका की जरा तिकडं," गौरांग म्हणाला.

"जागा नाय, काका," धाकटी म्हणाली.

तेवढ्यात पोरांचा बाप पिशव्या घेऊन आला आणि त्यानं हसून हात जोडले.

"तुम्ही गौरांगभाऊ ना? पेपरात फोटो बघितलाय तुमचा. तुमच्याच भरवशावर घेतली गाडी. निवृत्तीभाऊ म्हणले, तुम्ही सोता घाटात नेली, अन् काय खोट काढली नाय. लय उपकार झाले बघा."

गौरांगनं नुसते हात जोडले. गाडी घाटाच्या दिशेनं निघून गेली. त्यानंतर तो गाड्यांवर एक ओळ लिहू शकलेला नाही.