चुलीत गेलेली चित्रं

"आत्याबाई... हिमानीची चित्रं चुलीत टाकली तुम्ही?"

करुणाचा आवाज फाटला. आठ वर्षांची हिमानी बोलत नव्हती. भूक, पाणी, दुखणं, सारं ती गळ्यातल्या पुठ्ठ्याच्या चित्रांवर बोट ठेवून सांगायची. तिला हे शिकवण्यासाठी करुणाने सौंसरच्या शाळेतली नोकरी सोडली, माहेरी जाणंही सोडलं... आणि सासूने, चंद्रकलाबाईंनी, आज तिच्या लेकीची जीभच जाळून टाकली!

"मंग काय करू? चित्रं हायेत तोवर पोरगी तोंड उघडन काय? तूच तिले मुकी करून राहिली!"

तेवढ्यात आतून किंकाळी आली. हिमानी भिंतीवर डोकं आपटत होती. कालच पोळा झालेला, आज जाम नदीवर गोटमार, दोन गावांची एकमेकांवर दगडफेकीची जत्रा, पेटलेली. पांढुर्णा आणि सावरगावचा आरडाओरडा घरात घुमत होता. दरवर्षी या गोंगाटाने ती बिथरायची. म्हणून चंद्रकलाबाईंनी लगबगीने फडकं घेऊन नातीच्या कानांवर घट्ट बांधलं. किंकाळी दुप्पट झाली!

करुणाच्या लक्षात आलं. एरवी गोंगाटात स्वतःच कान झाकणारी लेक आज फडकं ओरबाडून काढत होती. हे काहीतरी वेगळंच होतं! पण तिला विचारायचं कशाने? करुणाने चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि फरशीवर काढलं... पोट, दात, कान.

"बाळा, कुठं दुखते? सांग ना मले!"

हिमानीने कानावर बोट आपटलं. पुन्हा आपटलं. मग आईच्या हातून कोळसा हिसकावून तिने कानाशेजारी दोन वाकडी शिंगं काढली.

चंद्रकलाबाई शिंगांवर वाकल्या. "अवं माय... काल बैलाच्या मानेले बिलगून बसली होती थे. गोचीड गेली असन कानात!"

फडकं सुटलं. करुणाने लेकीला मांडीवर घट्ट धरलं, आजीने कोमट तेलाचे थेंब सोडले. थोड्या वेळात तेलावर काळी गोचीड तरंगत आली.

"गर्दी ओसरली का डॉक्टरले दाखवू," करुणा पुटपुटली.

चंद्रकलाबाईंना हुंदका आवरेना. "लेकरू सांगून राहिलं होतं, अन् मी वरून आवळून राहिली होती! करुणा, माह्यं चुकलं वं..." कोळसा सुनेच्या हातात देत त्या म्हणाल्या, "माह्यंबी एक चित्र काढ. तिले आजी पाहिजे असन, तं बोट कुठं ठेवन थे?"

करुणाने डोळे पुसले, आणि आजीचं मोठं कुंकू आधी काढलं. चेहरा पुरा व्हायच्या आतच हिमानीने त्यावर बोट ठेवलं.

आजी नातीजवळ सरकली.